सर चंद्रशेखर व्यंकट रामन

नागपूर-कलकत्ता लोहमार्ग आपल्या गोंदियावरून जातो. या मार्गाच्या दोन्ही टोंकांस सरकारी हिशेबखात्यांत नोकरी केलेल्या एका थोर शास्त्रज्ञाचें हें चरित्र आहे.

रामन यांचा जन्म ७ नोव्हेंबर १८८८ रोजीं तिरुचिरापल्ली येथें झाला. वडील गणित व पदार्थविज्ञान शिकवीत. मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजांतून ते १९०७ सालीं एम्. ए. झाले. त्या काळीं केवळ संशोधनावर पोट भरणें कठीण; म्हणून त्याच सालीं अर्थखात्यांत अधिकारी होऊन ते कलकत्त्यास गेले. कचेरीच्या वेळेआधीं व नंतर ते इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स या संस्थेच्या प्रयोगशाळेंत काम करीत. मध्यंतरीं रंगून व नंतर १९१० सालीं नागपूर येथें त्यांची बदली झाली. पण शास्त्राचा नाद सुटला नाहीं. १९१७ सालीं कलकत्ता विश्वविद्यालयानें प्राध्यापकाची जागा देऊं केली. वेतन कमी होतें, तरी त्यांनीं ती स्वीकारली. पालकांनीं येथें क्षणभर थांबावें: आपल्या मुलानें असा व्यवहार केला असता, तर आपण त्यास काय म्हटलें असतें?

१९२१ सालच्या विलायतप्रवासांत भूमध्य समुद्राचा निळा रंग पाहून ते विचारांत पडले. हें आकाशाचें प्रतिबिंब नसून पाण्याचे रेणूच प्रकाश विखुरतात, असें त्यांनीं दाखविलें.

आतां थोडें शास्त्र. १९०० सालीं जर्मन पंडित प्लांक यांनीं असें मांडलें कीं, शक्तीची देवघेव अखंड धारेनें होत नाहीं; ती ठराविक पुंजांनीं होते. नाण्यांच्या व्यवहारांत सर्वांत लहान नाण्याहून कमी रक्कम देतां येत नाहीं, तसेंच हें. १९०५ सालीं आइन्स्टाइन यांनीं प्रकाशासही हाच नियम लावला. प्रकाशाचा पुंज रेणूवर आदळला व त्यानें आपल्या शक्तीचा कांहीं भाग रेणूस दिला, तर उरलेल्या पुंजाची शक्ति घटते आणि त्याचा रंग तांबड्याकडे सरकतो. मात्र प्रत्येक पदार्थाचा रेणु स्वतःच्या ठराविक रकमाच स्वीकारतो. म्हणून त्या जमाखर्चावरून पदार्थ ओळखतां येतो! जुन्या हिशेबनिसास हें शोभलें खरें.

रामन व त्यांचे सहकारी के. एस्. कृष्णन यांनीं सूर्यप्रकाश एका रंगीत कांचेंतून द्रवावर सोडला व विखुरलेला प्रकाश दुसऱ्या रंगाच्या कांचेंतून पाहिला. रंग बदलला नसता, तर कांहींच दिसतें ना. पण मंद प्रकाश दिसला. २८ फेब्रुवारी १९२८ रोजीं हा शोध निश्चित झाला. रशियांतही त्याच सुमारास तो स्वतंत्रपणें लागला होता. १९३० सालीं नोबेल पारितोषिक एकट्या रामन यांस मिळालें. कृष्णन यांचें नांव मागें पडलें, हें मला खटकतें.

१९३३ सालीं रामन बंगलोरास गेले व १९४८ सालीं तेथें त्यांनीं स्वतःची संशोधनसंस्था काढली. २१ नोव्हेंबर १९७० रोजीं ते वारले. संस्थेच्या बागेंतच त्यांचें दहन झालें. त्या जागीं आज एक झाड उभें आहे.