शेंडेनक्षत्र आणि महाराज

आमचे गाव पवन मावळात, तिकोन्याच्या पायथ्याशी. लहानपणी रात्रीची जेवणे झाली की आजी आम्हा मुलांना शिवाजी महाराजांच्या गोष्टी सांगायची. शेवटची गोष्ट ठरलेली असे. रायगडावर महाराजांनी डोळे मिटले त्या दिवशी आभाळात शेंडेनक्षत्र उगवले होते, एवढे सांगून ती पदर डोळ्यांना लावायची. शेंडेनक्षत्र म्हणजे धूमकेतू. राजा जायचा असला की ते दिसते, याविषयी तिच्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

हे तिने मनचे रचलेले नव्हते. कृष्णाजी अनंत सभासदाने राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून जिंजी येथे १६९४ च्या सुमारास जी बखर लिहिली, तिच्यात हेच आहे. महाराज गेले त्या दिवशी धरणीकंप झाला, धूमकेतू दिसला, उल्का पडल्या, रात्री दोन इंद्रधनुष्ये उमटली, तळ्याचे पाणी लाल झाले, असे तो सांगतो. त्याच्याही मागे मोठी परंपरा आहे. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराच्या बृहत्संहितेत केतूंवर एक पूर्ण अध्याय आहे. कोणत्या रंगाचा, कोणत्या दिशेचा, कोणत्या नक्षत्रातला केतू कोणत्या देशाला आणि कोणत्या राजाला बाधतो, याची तपशीलवार फळे त्यात दिली आहेत. मात्र केतूचे उगवणे-मावळणे गणिताने आधी सांगता येत नाही, हेही त्याने मोकळेपणाने मान्य केले आहे.

पुढे मला आभाळ पाहण्याचा नाद लागला. धूमकेतूंच्या जुन्या नोंदी शेजारी ठेवून मी महाराजांचे चरित्र पुन्हा वाचले, तेव्हा आजीची गोष्ट निराळीच दिसू लागली.

महाराजांचा जन्म १९ फेब्रुवारी १६३० चा, शिवनेरीवरचा. पुण्याच्या जहागिरीत ते वाढले आणि बारा मावळांतली माणसे जोडत त्यांनी राज्य उभे केले. कोकणातल्या बंदरांकडे उतरणाऱ्या घाटवाटा आमच्या भागातून जातात. त्या वाटांवर नजर ठेवणारे लोहगड, विसापूर, तुंग आणि तिकोना हे किल्ले १६५७ च्या सुमारास त्यांच्याकडे आले.

फेब्रुवारी १६६१ मध्ये शाइस्तेखानाचा सरदार कारतलबखान पुण्याहून चिंचवड, तळेगाव करीत लोणावळ्याकडे आला. कोकणात उतरायला त्याने नेहमीचा बोरघाट सोडून कुरवंड्याची वाट धरली. आज नागफणीच्या कड्यावर उभे राहून खाली पाहिले, की त्याने काय चूक केली ते कोणालाही कळते. उंबरखिंडीच्या दाट रानात महाराजांनी त्याला पुढून-मागून कोंडले. पाणी नाही, वारा नाही, वर सरकता येत नाही. रायबागनच्या सल्ल्याने खानाने शरणागती पत्करली आणि खंडणी भरून तो सुटला.

त्याच दिवसांत पहाटेच्या आभाळात एक धूमकेतू होता. युरोपात हेवेलियसने त्याची निरीक्षणे नोंदवून ठेवली आहेत. पहाटेपासून दबा धरून बसलेल्या मावळ्यांच्या नजरेतून तो सुटला नसावा. हाच धूमकेतू ३४१ वर्षांनी, २००२ मध्ये, इकेया-झांग या नावाने पुन्हा आला आणि मी तो डोळ्यांनी पाहिला. उंबरखिंडीवर ज्याचा उजेड पडला तोच हा, या विचाराने अंगावर काटा आला. पण या विजयाच्या गोष्टीत धूमकेतूचे नाव कधी कोणी घेतल्याचे माझ्या ऐकण्यात नाही.

डिसेंबर १६६४ मध्ये त्याहून ठळक धूमकेतू दिसला. तो आभाळात असतानाच, ६ जानेवारी १६६५ रोजी, सूर्यग्रहणाच्या पर्वकाळी महाराजांनी महाबळेश्वरी जिजाबाईंची सुवर्णतुला केली. मार्चअखेरीस आणखी एक धूमकेतू आला, तेव्हा मिर्झाराजे जयसिंग आणि दिलेरखान यांचा पुरंदरला वेढा पडत होता. मुरारबाजी पडले आणि जूनमध्ये तह झाला. तेवीस किल्ले मोगलांना द्यावे लागले, त्यांत आमचे लोहगड, विसापूर, तुंग आणि तिकोनाही गेले. ही नामुष्की धूमकेतूने आणली म्हणावे, तर उंबरखिंडीचे यश कोणी आणले? पुढल्या वर्षी महाराज आग्र्याहून निसटले आणि १६७० मध्ये त्यांनी लोहगड परत घेतला.

महाराज शकुन मानतच नव्हते, असे म्हणणेही खरे नाही. ते त्यांच्या काळाचेच होते. ६ जून १६७४ ला गागाभट्टांनी राज्याभिषेक केला आणि अकराव्या दिवशी जिजाबाई गेल्या. निश्चलपुरी गोसाव्याने अपशकुनांकडे बोट दाखवले, तेव्हा २४ सप्टेंबरला महाराजांनी तांत्रिक पद्धतीने दुसरा अभिषेक करवून घेतला. लोकांच्या मनातली धास्ती जावी आणि कारभार पुढे चालावा, असा त्यांचा हेतू असावा, असे मला वाटते.

३ एप्रिल १६८० रोजी, चैत्री पौर्णिमेला, थोड्या दिवसांच्या आजारानंतर महाराज रायगडावर गेले. वय अवघे पन्नास. त्या चैत्रात ठळक धूमकेतू दिसल्याची नोंद मला कोठेही सापडली नाही. धूमकेतू आला तो नोव्हेंबरात, सात महिन्यांनी. डिसेंबरअखेरीस त्याचा शेंडा क्षितिजापासून माथ्यापर्यंतच्या अंतराच्या निम्म्याहून अधिक पसरला होता. जानेवारी १६८१ मध्ये रायगडावर संभाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला, तेव्हाही तो संध्याकाळच्या आभाळातून पुरता गेला नव्हता. याच धूमकेतूच्या निरीक्षणांवरून न्यूटनने १६८७ च्या आपल्या ग्रंथात दाखवून दिले, की धूमकेतूही ग्रहांसारखाच सूर्याच्या ओढीने चालतो. वराहमिहिराने जे अशक्य मानले होते ते गणिताच्या आवाक्यात आले.

मग सभासद खोटे बोलला का? हा प्रश्न माझ्या मनात बरीच वर्षे होता. त्याचे उत्तर मला पोथ्यांत मिळाले नाही, घरातच मिळाले.

माझे आजोबा ऑगस्ट १९९६ मध्ये गेले. ती रात्र मला स्वच्छ आठवते. मावळातला श्रावण तो, धो धो पाऊस, भातखाचरे तुडुंब भरलेली आणि तिकोना चार दिवस ढगांतून बाहेर आलेला नाही. आभाळ असे नव्हतेच. पुढे मार्च-एप्रिल १९९७ मध्ये हेल-बॉप धूमकेतू संध्याकाळी वायव्येला दिसू लागला. आजी रोज ओट्यावर बसून त्याच्याकडे पाहत राही, बोलत काही नसे. चारपाच वर्षांनी ती नातसुनांना सांगू लागली, की मालक गेले त्या रात्री आभाळात शेंडेनक्षत्र होते. पावसाची आठवण करून द्यायला मी एकदा तोंड उघडले आणि तिचा चेहरा पाहून मिटले.

सभासद जिंजीला बसून लिहीत होता तेव्हा संभाजी महाराजांना औरंगजेबाने मारले होते, रायगड पडला होता, जिंजीला मोगलांचा वेढा होता. महाराज गेले आणि सगळे फिरले, असे त्या पिढीला वाटले असेल तर नवल नाही. मागाहून आलेला धूमकेतू त्या एका दिवसापाशी जाऊन बसला. माणूस गेला याची धरणीला, तळ्याला, आभाळाला काहीच खबर नसावी, हे सोसत नाही.

धूमकेतूला राजा कळत नाही आणि रंकही कळत नाही, हे मी माझ्या मुलांना न चुकता सांगतो. पण आजी सांगायची ती गोष्टही सांगतो, आणि ती सांगताना तारखा दुरुस्त करीत नाही. तारखा शेवटी सांगतो, वेगळ्या.