विश्लेषण : विनोबांचा पाच कोटींचा आकडा आला कुठून?

पेण तालुक्यातील गागोदे बुद्रुक येथे 11 सप्टेंबर 1895 रोजी जन्मलेले विनायक नरहर भावे म्हणजे आचार्य विनोबा. भूदानामुळे ते सर्वांना माहीत आहेत. पण गणित हा त्यांचा लहानपणापासूनचा आवडता विषय, हे तितके ठाऊक नसते.

लाखाचा पहिला हिशेब

त्यांच्या आईने, रुक्मिणीबाईंनी, देवाला एक लाख तांदूळ वाहायचे ठरवले होते. त्या रोज एकेक दाणा मोजून वाहत. वडील नरहरपंत शास्त्रीय वृत्तीचे. त्यांनी सुचवले, तोळाभर तांदूळ मोजा, त्यावरून लाखाचे वजन काढा, कमी पडायला नको म्हणून थोडे जास्त घाला. हिशेब बिनचूक होता. आईने मात्र विन्याला विचारले. गणितवेड्या मुलाने वडिलांची बाजू घ्यायला हवी होती, पण त्याने आईची घेतली. प्रत्येक दाण्याबरोबर देवाचे स्मरण होते, ते वजनात कसे येणार, असे त्याचे म्हणणे होते.

1916 मध्ये इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईला निघालेले विनोबा सुरतेला उतरून काशीला गेले. त्याच वर्षी ते गांधीजींकडे आले आणि 1921 मध्ये वर्ध्याला. 1940 मध्ये गांधीजींनी त्यांना पहिले वैयक्तिक सत्याग्रही निवडले.

पाच कोटीच का?

18 एप्रिल 1951 रोजी तेलंगणातील पोचमपल्लीत भूमिहीनांनी 80 एकर जमीन मागितली. रामचंद्र रेड्डी यांनी 100 एकर देऊ केली. त्यातून भूदान यात्रा सुरू झाली. देशात लागवडीखालील जमीन ढोबळमानाने 30 कोटी एकर धरली गेली. घरात पाच मुलगे असतील तर मला सहावा समजा, अशी विनोबांची मागणी. 30 कोटींचा सहावा हिस्सा म्हणजे बरोबर 5 कोटी, बाकी शून्य.

गणिताच्या नजरेने पाहिले तर ही संख्या फक्त 2 आणि 5 यांच्या गुणाकारातून बनते : सात वेळा 2, आठ वेळा 5. तिचे विभाजक 72. पण 6 त्यात नाही, कारण 3 चा अवयव सहावा हिस्सा काढतानाच संपला. पोचमपल्लीएवढी दाने धरली, तर अशी 5 लाख लागली असती. मुदत होती 1957 ची.

मिळाले किती?

चाळीस लाख एकरांहून अधिक, म्हणजे उद्दिष्टाच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी. शिवाय त्यात नापीक जमीन होती, वादातली होती, काही दाने तर कागदावरच राहिली. एकर मोजणे सोपे होते, एकेक तुकडा भूमिहीनाच्या नावावर चढवणे कठीण. माझ्या मते चळवळ तिथेच अडली. तरीही कायद्याचा धाक नसताना, केवळ पायी फिरून मागितलेली ही जमीन थोडी नव्हे.

15 नोव्हेंबर 1982 रोजी पवनारला विनोबांचे निधन झाले. 1983 मध्ये मरणोत्तर भारतरत्न मिळाले. बिहारमध्ये भूदानाच्या जमिनींची पडताळणी एकविसाव्या शतकातही चालू होती.