सर आल्बर्ट हॉवर्ड व इंदुरी खत

आपल्या विद्यार्थ्यांपैकीं कित्येकांच्या घरामागें मिरच्या-वांग्यांचे वाफे आहेत. अशांनीं सर आल्बर्ट हॉवर्ड यांचें चरित्र अवश्य जाणावें.

त्यांचा जन्म ८ डिसेंबर १८७३ रोजीं इंग्लंडांत एका शेतकरी कुटुंबांत झाला. केंब्रिज येथें शिक्षण झाल्यावर ते वेस्ट इंडीज बेटांत पिकांच्या रोगांचा अभ्यास करूं लागले. तेथें त्यांस एक गोष्ट सलूं लागली. शेतकऱ्यास उपदेश करावयाचा, पण तो आधीं आचरून पाहण्यास स्वतःजवळ वाफाभरहि जमीन नाहीं! १९०५ सालीं बिहारांतील पुसा येथें सरकारी वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून आल्यावर त्यांनीं प्रयोगासाठीं जमीन मागून घेतली. भोंवतालच्या रयतेचीं पिकें औषधांवांचून निरोगी दिसत. तेव्हां हे केंब्रिजचे पदवीधर त्या रयतेचेच विद्यार्थी झाले. त्यांच्या पत्नी गॅब्रिएल ह्याहि वनस्पतिशास्त्रज्ञ असून सर्व कार्यांत बरोबरीनें राबत.

१९२४ पासून १९३१ पर्यंत ते होळकरांच्या इंदुरास होते. तेथील जमीन आमच्या वऱ्हाड-नागपुराकडील जमिनीसारखीच काळी, कपाशीची. पऱ्हाट्या व तुराट्या गाडीवाटेवर पसरून चाकांखालीं चुरडाव्या, मग गुरांखालीं अंथराव्या. पुढें पालापाचोळा, शेण, गोमूत्रानें भिजलेली माती व राख यांसह त्यांचे थर रचावे, पाणी शिंपडावें आणि ढीग तीन वेळां खालवर करावा, अशी त्यांची रीत होती. ढिगांत हवा कोंडली कीं घाण सुटते. तो कोरडा पडला कीं काम थांबतें. नीट रचलेला ढीग आंतून हात पोळण्याइतका तापतो व तीन महिन्यांत काळें, भुसभुशीत खत देतो. घरीं बैलगाडी नसली तरी भाजीचे देंठ, संत्र्यांच्या सालीं व निंबाचा पाला यांत पाटीभर शेण मिळविल्यास काम भागतें. नागपूरच्या वैशाखांत मात्र ढीग सावलींत असावा.

ह्या प्रयोगांत यशवंत वाड हे त्यांचे सहकारी होते, व १९३१ सालचें पुस्तक दोघांच्या नांवें निघालें. वाडांचें नांव पुढें मागें पडलें, हें आम्हांस उचित वाटत नाहीं. गॅब्रिएलबाई तर तें पुस्तक पाहण्यास उरल्याच नव्हत्या. त्या १९३० सालीं वारल्या.

१९३४ सालीं हॉवर्डांस सर ही पदवी मिळाली. उरलेलें आयुष्य ते रासायनिक खतांच्या अतिरेकाविरुद्ध झगडले. मातीच्या आरोग्यावर मनुष्याचें आरोग्य अवलंबून असतें, हें त्यांचें मत कित्येक शास्त्रज्ञांस मान्य झालें नाहीं, आणि तें त्यांनीं मानलें तितकें सरळ नसावें असें आम्हांसहि वाटतें. २० ऑक्टोबर १९४७ रोजीं इंग्लंडांत त्यांचा अंत झाला, तेव्हांहि हा वाद मिटला नव्हता.