वसईचा दुभाषी आणि क्योतोची दोन इस्पितळे

दरवर्षी ६ फेब्रुवारीला जगभरची ख्रिस्तसभा संत पॉल मिकी आणि त्यांचे सोबती यांचा सण साजरा करते. त्या ‘सोबती’ शब्दात पंचवीस रक्तसाक्षी सामावलेले आहेत आणि त्यांतील एक आपल्या वसईचे सुपुत्र आहेत. संत गोन्सालो गार्सिया हे नाव वसईच्या ख्रिस्ती घरात कोणाला समजावून सांगावे लागत नाही. गास येथील चर्च त्यांच्या नावाने उभे आहे, वसईतील महाविद्यालयाला त्यांचे नाव आहे, आणि आपल्या कित्येक घरांतील मुलांनाही. नागासाकीच्या टेकडीवर त्यांना क्रुसावर भाल्यांनी भोसकण्यात आले, हे धर्मशिक्षणाच्या वर्गातील लहान मूलही सांगते. परंतु त्याआधी ते जपानमध्ये नेमके कोणते काम करीत होते, असा प्रश्न केला की मोठी माणसेही थबकतात. ते एका राजदूताचे दुभाषी होते आणि कुष्ठरोग्यांसाठी उभारलेल्या दोन इस्पितळांचे सेवक होते. या दोन कामांचे एकमेकांशी जे नाते जडले, त्यातच त्यांच्या मरणाचे कारण दडलेले आहे.

इ. स. १५३४ मध्ये गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने वसईचा मुलूख पोर्तुगीजांच्या हवाली केला. त्यानंतर सुमारे बावीस वर्षांनी, १५५६ च्या आसपास, गोन्सालो यांचा जन्म झाला. वडील पोर्तुगीज शिपाई, आई इथल्या मातीतली. किल्ल्यातील येशूसंघीय फादरांकडे त्यांचे शिक्षण झाले. फादर सेबॅस्तियन गोन्साल्विस यांनी या मुलाला जवळ केले आणि तो पंधरा-सोळा वर्षांचा असताना त्याला आपल्याबरोबर जपानला नेले. १५७२ च्या जुलै महिन्यात ते तेथे पोहोचले.

भाषा हे गोन्सालो यांचे पहिले भांडवल ठरले. युरोपातून आलेल्या धर्मगुरूंना जी जपानी भाषा वर्षानुवर्षे दाद देत नसे, ती या वसईकर तरुणाने लवकर आत्मसात केली. सुमारे आठ वर्षे त्यांनी धर्मशिक्षक म्हणून येशूसंघाच्या मिशनमध्ये काम केले. संघात प्रवेश मिळावा ही त्यांची उत्कट इच्छा होती. ती पुरी झाली नाही. मिश्र वंशाच्या वा देशी रक्ताच्या तरुणांना घेण्याबाबत त्या काळी वरिष्ठांची भूमिका ताठर होती, आणि इतिहासकार नकाराचे कारण तेथेच शोधतात. ख्रिस्तसभेच्या इतिहासातील हे पान आपण झाकून ठेवण्याचे कारण नाही. ज्याला संघाचे दार उघडले नाही, त्याच्यासाठी पुढे संतांच्या यादीचे दार उघडले.

निराश झालेले गोन्सालो व्यापारात शिरले. भाषा अवगत, स्वभाव मनमिळाऊ, बंदरांची ओळख. व्यापाराला बरकत आली. परंतु ते फार काळ त्यात रमले नाहीत. व्यापाराच्या निमित्ताने स्पॅनिश सत्तेखालील फिलिपाईन्समधील मनिला शहराशी संबंध आला आणि तेथे त्यांना अनवाणी चालणारे, भिक्षेवर जगणारे फ्रान्सिस्कन बंधू भेटले. मनिलात या बंधूंनी गोरगरिबांसाठी व कुष्ठरोग्यांसाठी शुश्रूषेचे काम सुरू केले होते. गोन्सालो त्यात उतरले आणि १५८७ च्या सुमारास फ्रान्सिस्कन संघात ब्रदर म्हणून दाखल झाले. धर्मगुरूपदाची दीक्षा त्यांनी कधीच घेतली नाही. शेवटपर्यंत ते ब्रदरच राहिले.

आता थोडे राजकारण सांगणे भाग आहे, कारण त्यावाचून पुढचे कळणार नाही. जपानवर तेव्हा तोयोतोमी हिदेयोशी याची हुकमत होती. १५८७ मध्ये त्याने परदेशी धर्मगुरूंनी देश सोडावा असे फर्मान काढले होते. ते कडकपणे अमलात आले नाही. येशूसंघीय फादर गाजावाजा न करता, सावधपणे काम करीत राहिले. १५९२ मध्ये हिदेयोशीने कोरियावर स्वारी केली आणि त्याच सुमारास मनिलाच्या गव्हर्नरकडे पत्र पाठवून फिलिपाईन्सने आपले स्वामित्व मान्य करावे अशी मागणी केली. मनिलाजवळ फौज तुटपुंजी. गव्हर्नर गोमेझ पेरेझ दास्मारिन्यास याने प्रथम हुआन कोबो या डॉमिनिकन धर्मगुरूला दूत म्हणून धाडले. ते परतीच्या प्रवासात फॉर्मोसाच्या किनाऱ्यावर जहाज फुटून मृत्यू पावले. दुसऱ्या खेपेस, १५९३ मध्ये, गव्हर्नरने फ्रान्सिस्कन धर्मगुरू पेद्रो बाउतिस्ता यांची निवड केली. सोबत तीन फ्रान्सिस्कन बंधू होते. त्यांतील एक गोन्सालो. त्यांना वगळले असते तर हे शिष्टमंडळ मुके ठरले असते.

कोरियाच्या मोहिमेसाठी क्यूशू बेटावर नागोया येथे (हे आजचे नागोया महानगर नव्हे) हिदेयोशीने तळ दिला होता. तेथे त्याने या अनवाणी दूतांची भेट घेतली. मध्यस्थी करणाऱ्या व्यापाऱ्यांनी त्याच्या मनात अशी समजूत भरवून दिली होती की फिलिपाईन्स शरण यायला तयार आहे. मनिलाच्या पत्राचा आशय मात्र वेगळा होता. मैत्री आणि व्यापार हवा होता, मांडलिकत्व नको होते. तापट म्हणून प्रसिद्ध असलेल्या सत्ताधीशासमोर हा फरक त्याच्याच भाषेत मांडायचा, आणि तोही असा की युद्ध भडकू नये, हे काम वसईच्या या ब्रदरवर आले. आपल्यापैकी ज्यांनी पाहुण्या धर्मगुरूचे प्रवचन भाषांतरित केले आहे, त्यांना दुभाष्याच्या कपाळावरचा घाम ठाऊक असेल. इथे तर एका शब्दाच्या चुकीवर जहाजे निघाली असती.

भेट निभावली. हिदेयोशीने पाहुण्यांना ठेवून घेतले. मनिलाहून त्याला हवे तसे उत्तर येईपर्यंत ते काहीसे अतिथी आणि काहीसे ओलीस होते. राजधानी क्योतोत त्यांना जागा देण्यात आली. १५९४ मध्ये तेथे चर्च व मठ उभा राहिला आणि त्याच्या आसऱ्याने संत ॲना व संत योसेफ यांच्या नावांची दोन इस्पितळे सुरू झाली.

कुष्ठरोग झालेल्या माणसाला तेव्हाच्या जपानमध्ये घरातून बाहेर काढले जाई. मंदिरांच्या वाटेवर भीक मागून तो जगे आणि तेथेच मरे. (आपल्याकडे तरी काय वेगळे होते?) येशूसंघाचे ब्रदर, आणि पेशाने शल्यवैद्य, लुईस द आल्मेदा यांनी १५५७ मध्ये फुनाई येथे इस्पितळ काढले होते, म्हणजे ही सेवा जपानला अगदीच अपरिचित नव्हती. पण क्योतो ही राजधानी. सरदारांच्या वाड्यांच्या शहरात परदेशी दुतांनी स्वतः कुष्ठरोग्यांच्या जखमा धुवाव्यात, त्यांना भरवावे, हे लोकांनी पाहिले नव्हते. बाउतिस्ता यांना आरंभी जपानी येत नव्हती. रुग्णाच्या वेदनेपासून दरबारातील अधिकाऱ्याच्या निरोपापर्यंत बरेचसे गोन्सालो यांच्याच तोंडून पलीकडे जात होते. सकाळी इस्पितळ, दुपारी दरबार, असे हे जीवन होते.

त्यांच्याभोवती जपानी प्रापंचिकांचा एक गट जमला. त्यांत वैद्य होता, औषधे विकणारा होता, स्वयंपाकी होता, इस्पितळाची व्यवस्था पाहणारे पॉल सुझुकी होते, मठात वाढणारी पोरेही होती. आज ज्याला आपण स्वयंसेवी संस्था म्हणतो तिचे सारे अवयव तेथे होते: परदेशातून आलेले काही जण, स्थानिक कार्यकर्ते अधिक, आणि पैशाची कायम ओढ.

इथेच खरी अडचण होती. फ्रान्सिस्कन बंधू जपानमध्ये राहिले ते दूत म्हणून. इस्पितळ चालले आणि चर्चचे दार उघडे राहिले ते दूताला मिळालेल्या परवानगीच्या बळावर. १५८७ चे फर्मान रद्द झालेले नव्हते. येशूसंघीय फादर त्यांना परोपरीने सावध करीत होते. १५८५ मध्ये पोप तेरावे ग्रेगरी यांनी जपानचे मिशन केवळ येशूसंघाकडे सोपविले होते, हा मुद्दाही वादात होता. त्यात पोर्तुगीज आणि स्पॅनिश चढाओढीची भर. पोर्तुगीज मुलखात जन्मलेले गोन्सालो स्पॅनिश गव्हर्नरच्या शिष्टमंडळात, म्हणजे दोन्ही बाजूंनी परके. माझे मत विचाराल तर येशूसंघीयांची सावधगिरी भित्रेपणाची नव्हती. त्यांना हिदेयोशी अधिक चांगला कळला होता. आणि फ्रान्सिस्कनांचा मोकळेपणाही निव्वळ भाबडेपणा म्हणता येणार नाही, कारण दार लावून कुष्ठरोग्यांचे इस्पितळ चालविता येत नाही. परक्या देशात मदत घेऊन जाणाऱ्या प्रत्येकाला आजही विचारले जाते की तुम्हाला कोणी पाठविले. १८६३ मध्ये जिनिव्हात रेडक्रॉसची स्थापना झाली ती या प्रश्नाला तटस्थतेचे उत्तर देण्यासाठीच. क्योतोतल्या बंधूंपाशी तसे उत्तर नव्हते. त्यांना एका राजाच्या गव्हर्नरने पाठविले होते, हे खरेच होते.

१५९६ च्या ऑक्टोबरमध्ये हा धागा तुटला. मनिलाहून मेक्सिकोकडे निघालेले सान फेलिपे नावाचे मालाने भरलेले स्पॅनिश जहाज वादळात सापडून शिकोकू बेटावरील तोसा प्रांताच्या किनाऱ्याला लागले. हिदेयोशीच्या अधिकाऱ्यांनी माल जप्त केला. जहाजाच्या नावाड्याने स्पेनच्या साम्राज्याची व्याप्ती दाखविताना, आधी धर्मगुरू जातात आणि मागून सैन्य येते अशा अर्थाचे काही बरळल्याचे सांगितले जाते. ते तसेच घडले की नाही, यावर स्पॅनिश आणि पोर्तुगीज लेखक शतकानुशतके भांडत आले आहेत. हिदेयोशीला हवे ते निमित्त मिळाले एवढे मात्र खरे. कालपर्यंतचे दूत हेर ठरले. डिसेंबरमध्ये क्योतो व ओसाका येथील मठांवर पहारे बसले. पकडावयाच्या ख्रिस्ती लोकांची यादी बरीच लांब झाली असती. इशिदा मित्सुनारी या अधिकाऱ्याने ती आखडती घेतली. नाक-कान कापण्याच्या शिक्षेचेही त्याने डाव्या कानाच्या पाळीवर निभावले. क्रूर यंत्रणेतही असा एखादा माणूस असतो, त्याची नोंद व्हावी.

३ जानेवारी १५९७ रोजी क्योतोत चोवीस जणांच्या कानाच्या पाळ्या कापण्यात आल्या. गाड्यांतून त्यांची धिंड निघाली. नंतर ऐन हिवाळ्यात नागासाकीपर्यंतचा शेकडो किलोमीटरचा प्रवास झाला. वाटेत त्यांची काळजी घेणाऱ्या दोघा जपानी ख्रिस्ती व्यक्तींनाही पहारेकऱ्यांनी कैद्यांत ढकलले आणि संख्या सव्वीस झाली: सहा फ्रान्सिस्कन, तीन येशूसंघीय, सतरा जपानी प्रापंचिक. क्योतोच्या इस्पितळांचे वैद्य, स्वयंपाकी, व्यवस्थापक यांत होते. लुईस इबाराकी हा मुलगा बारा वर्षांचा होता. ५ फेब्रुवारीला निशिझाका टेकडीवर सव्वीस क्रूस उभे झाले आणि प्रत्येकाला भाल्यांनी भोसकण्यात आले. गोन्सालो तेव्हा चाळिशीचे होते. त्यांचे अर्ध्याहून अधिक आयुष्य वसईपासून दूर गेले होते.

त्यानंतरही राजनीती थांबली नाही. त्याच वर्षी मनिलाहून नवा दूत लुईस नवारेते जपानला गेला. रक्तसाक्ष्यांचे अवशेष आणि जहाजाचा माल यांची मागणी करायची होती. नजराण्यात एक हत्ती होता. हत्ती पाहून हिदेयोशी खूश झाला. माल परत मिळाला नाही. दूत जपानमध्येच मरण पावला, आणि हिदेयोशीही १५९८ च्या सप्टेंबरमध्ये गेला.

१४ सप्टेंबर १६२७ रोजी पोप आठवे अर्बन यांनी फ्रान्सिस्कन रक्तसाक्ष्यांना धन्यवादित घोषित केले आणि ८ जून १८६२ रोजी पोप नववे पायस यांनी सव्वीसही जणांना संतपद बहाल केले. भारतभूमीत जन्मलेला पहिला संत वसईने दिला. दुसऱ्या संतपदासाठी, म्हणजे केरळच्या संत अल्फोन्सा यांच्यासाठी, २००८ साल उजाडावे लागले. १९६२ मध्ये निशिझाकावर सव्वीस जणांचे स्मारक उभारण्यात आले. पोप दुसरे जॉन पॉल १९८१ मध्ये तेथे प्रार्थनेसाठी गेले, पोप फ्रान्सिस २०१९ मध्ये.

एक गोष्ट सांगायची राहिली. १६३२ च्या सुमारास, जपानमध्ये ख्रिस्ती धर्मावर पूर्ण बंदी असताना, तेथील शोगुन इएमित्सुने शंभरहून अधिक कुष्ठरोगी ख्रिस्ती लोकांना जहाजात घालून मनिलाला पाठवून दिले. परक्या राज्याला डिवचण्याचाच तो प्रकार होता. मनिलाने जहाज परत लावले नाही. फ्रान्सिस्कन बंधूंनी त्या रुग्णांना आपल्या इस्पितळात घेतले. ज्या बंधूंकडे गोन्सालो व्यापार सोडून गेले होते, त्यांच्याच संघाचे हे इस्पितळ. सॅन लाझारो या नावाने ते मनिलात आजही चालू आहे आणि साथीच्या रोगांचे रुग्ण तेथे उपचारासाठी येतात.