इंजिनाचं दुखणं ओळखणारे सर हॅरी रिकार्डो

चोर्ला घाटात भरलेली गाडी चढणीला लागली आणि गिअर वरचाच राहिला, की इंजिन खडखडायला लागतं. गॅरेजमधला मेस्त्री बॉनेट न उघडताच सांगतो, गाडी नॉकिंग करतेय. हा आवाज नेमका कशामुळे येतो, याचा माग ज्यांनी वर्षानुवर्षं काढला ते इंग्रज इंजिनिअर म्हणजे सर हॅरी रिकार्डो.

त्यांचा जन्म २६ जानेवारी १८८५ चा, लंडनमधला. वडील हॅल्सी रिकार्डो वास्तुविशारद होते. हावडा रेल्वे स्टेशनची इमारत त्यांच्याच आराखड्यावर उभी राहिली. आजोबा अलेक्झांडर रेंडेल भारतातल्या रेल्वेचे सल्लागार इंजिनिअर होते.

केंब्रिजला शिकत असताना एक स्पर्धा लागली. एक क्वार्ट, म्हणजे सव्वा लिटरहूनही कमी पेट्रोलमध्ये सर्वांत लांब कोण जातो? स्वतः बनवलेल्या मोटारसायकलवर सुमारे ४० मैल जाऊन रिकार्डोंनी बाजी मारली. मग प्राध्यापक बर्ट्रम हॉपकिन्सन यांनी या पोराला इंजिनाच्या संशोधनात ओढलं. याच हॉपकिन्सननी पुढे १९१३ मध्ये गॅस इंजिनाच्या सिलिंडरमध्ये पाणी फवारून ते थंड ठेवण्याची पद्धत मांडली. १९१८ मध्ये विमान अपघातात ते गेले.

पहिल्या महायुद्धात ब्रिटिश रणगाड्यांच्या धुरामुळे शत्रूला त्यांचा ठावठिकाणा कळायचा. चांगलं पेट्रोल विमानांना जायचं आणि रणगाड्यांच्या वाट्याला हलकं यायचं. रिकार्डोंनी त्याच हलक्या पेट्रोलवर चालणारं, धूर न ओकणारं १५० अश्वशक्तीचं इंजिन तयार केलं.

युद्धानंतर शोरहॅमच्या कारखान्यात त्यांनी चालू असतानाच कॉम्प्रेशन कमीजास्त करता येईल असं प्रयोगाचं इंजिन उभं केलं. त्यावर एकेक इंधन तपासलं. त्यातून चित्र स्पष्ट झालं. स्पार्कची ज्योत पोहोचण्याआधीच कोपऱ्यात दाबला गेलेला वायू आपोआप पेटतो, तोच हा ठोका. तो थांबवायचा तर इंधन सुधारा, नाहीतर त्या कोपऱ्यातली उष्णता कमी करा.

इथे पाणी कामाला येतं. कल्पना नवी नव्हती. हंगेरीचे डोनाट बांकी यांनी १८९० च्या दशकातच इंजिनात पाणी सोडलं होतं. वाफ होताना पाणी पेट्रोलच्या कित्येक पट उष्णता ओढून घेतं. रिकार्डोंनी सुपरचार्जर लावलेल्या इंजिनावर हे पारखलं. दाब वाढवत ठोक्यापर्यंत न्यायचा, पेट्रोल वाढवायचं, तेही पुरेना झालं की पाणी द्यायचं. ठोका हटला आणि दाब आणखी चढवता आला. पाण्यात स्वतःची ताकद काही नाही. इंजिनाची अडलेली ताकद ते मोकळी करतं, एवढंच.

पण व्यवस्था नीट बसवली नाही तर घात ठरलेला. थेंब बारीक हवेत आणि फवारा फक्त पूर्ण जोर लावतानाच हवा. पाणी जास्त झालं तर ज्योत मंदावते आणि प्लग ओले होतात. चढ्या दाबावर पाणी अचानक संपलं, तर पिस्टनच जायची भीती. दुसऱ्या महायुद्धातल्या लढाऊ विमानांत ते गोठू नये म्हणून मिथेनॉल मिसळून वापरलं गेलं. त्या जास्तीच्या जोरावर वैमानिक काही मिनिटं शत्रूला मागे टाकू शकत. टाकी रिकामी झाली की मात्र हात आखडता घ्यावा लागे.

१९४८ मध्ये रिकार्डोंना सर ही पदवी मिळाली. १८ मे १९७४ रोजी वयाच्या ८९ व्या वर्षी त्यांचं निधन झालं. आजच्या गाड्यांत ठोक्याची चाहूल लागताच सेन्सर ठिणगीची वेळ मागे घेतो. ड्रायव्हरला कळतही नाही. पण त्या सेन्सरला जे ऐकू येतं, त्याचा अर्थ लावायला जगाला शिकवणाऱ्यांत हा माणूस पुढे होता.