मरणाचे हिशेब मांडणारा डॉक्टर

कोणत्या राज्यात माणसे किती वर्षे जगतात, कोणता जिल्हा मागे आहे, हे आपण आज सहज वाचतो. अशी तुलना करायची कशी, हे ज्यांनी शिकवले त्यांत विल्यम फार यांचे नाव फार वरचे आहे.

फार यांचा जन्म १८०७ साली इंग्लंडच्या श्रॉपशायरमधील केनली या खेड्यात, गरीब घरात झाला. गावाजवळच्या एका सधन वृद्धाने त्यांना सांभाळले, शिकवले आणि मरताना ५०० पौंड ठेवले. त्या पैशावर ते पॅरिसला वैद्यक शिकायला गेले. उपचारांचा गुण अंदाजाने नव्हे तर रुग्ण मोजून ठरवायचा, ही पद्धत तेथे तेव्हा रुजत होती. लंडनला परतून त्यांनी दवाखाना थाटला, पण तो फारसा चालला नाही. १८३३ मध्ये लग्न झाले आणि चार वर्षांतच पत्नी क्षयाने गेली.

त्याच वर्षी, १८३७ च्या जुलैपासून, इंग्लंड-वेल्समध्ये जन्ममृत्यूची सरकारी नोंदणी सुरू झाली. १८३९ मध्ये फार या नोंदणी कार्यालयात रुजू झाले आणि पुढची चाळीस वर्षे तेथेच राहिले. रोगांची वर्गवारी त्यांनी लावली. १८४५ मध्ये डॉक्टरांना मृत्यूच्या दाखल्यांची छापील पुस्तके पाठवण्यात आली. हा दाखला आजही आम्हा डॉक्टरांच्या हातात असतो. त्यावर ‘हृदय व श्वसन बंद पडले’ एवढेच लिहिलेले दिसले की वाईट वाटते. ते कारण नव्हे, ते तर मरणच झाले! वयस्कर माणूस गेला की ‘वृद्धापकाळ’ लिहून मोकळे होणेही तसेच. भारतात २०२० मध्ये नोंदल्या गेलेल्या मृत्यूंपैकी साधारण पाचातल्या एकाच मृत्यूचे कारण डॉक्टरने प्रमाणित केलेले होते.

फार यांचे मोठे काम जीवन सारणीचे. आजच्या मृत्यूच्या प्रमाणाने एक लाख बाळांपैकी किती जण कोणत्या वयापर्यंत टिकतील, हे ती सांगते. १८४३ च्या अहवालात त्यांनी तीन ठिकाणे शेजारी ठेवली. सरे या ग्रामीण परगण्यात जन्मलेल्याचे अपेक्षित आयुष्य ४५ वर्षे, लंडनमध्ये ३७ आणि लिव्हरपूलमध्ये अवघे २६. याचा अर्थ लिव्हरपूलकर सव्विसाव्या वर्षी मरत होते असा नव्हे. तेथे तान्ही मुले इतकी दगावत होती, की सरासरी खाली आली. जी मुले वाचली, त्यांतली बरीच पुढे पन्नाशी-साठी पाहत.

मरणाऱ्यांचे सरासरी वय काढून दोन गावांची तुलना करू नका, असेही त्यांनी बजावले. ज्या गावात मुले जास्त, तेथे मरणाऱ्यांत मुले जास्त असणारच. आधी वस्तीचे वय पाहा. आपल्याकडचे उदाहरण घ्या. दर हजारी मृत्यू पाहिले तर केरळचा दर बिहारपेक्षा जास्त दिसतो. म्हणून केरळ आजारी म्हणायचे का? तेथील आयुर्मान देशात सर्वांत वरच्यांपैकी आहे. तेथे म्हातारी माणसे अधिक आहेत, एवढाच त्याचा अर्थ. लोकसंख्या जसजशी वयस्कर होईल, तसतसा आपलाही हा आकडा चढेल, आणि तेव्हा वयाचा हिशेब न करता ओरड करणारे पुष्कळ भेटतील.

फार यांनी पुढे इंग्लंडमधले ६३ निरोगी जिल्हे वेगळे काढले. तेथे वर्षाला हजारी १७ पेक्षा अधिक माणसे मरत नव्हती. हे जिल्हे काही स्वर्ग नव्हते. गटारे, पाणी यांची तेथेही आबाळच होती. तरीही तेथे जे साधले ते इतरत्र का नाही, असा त्यांचा सवाल होता. १७ च्या वरचा प्रत्येक मृत्यू त्यांनी टाळता येण्याजोगा धरला. नगरपालिकांना हे झोंबले नसते तरच नवल.

कॉलऱ्याच्या बाबतीत मात्र ते बरीच वर्षे चुकीच्या वाटेवर होते. १८४८-४९ च्या साथीत थेम्सपासून उंचावर राहणारे कमी मरतात, हे त्यांना आकड्यांत दिसले आणि दोष त्यांनी दूषित हवेला दिला. पाणी हेच मूळ, असे म्हणणाऱ्या जॉन स्नो यांना लागणारी मृत्यूंची माहिती मात्र त्यांनीच पुरवली. १८६६ च्या साथीत पूर्व लंडनचे मृत्यू एकाच पाणी कंपनीच्या भागात एकवटलेले दिसले आणि फार यांनी आपले मत बदलले. स्नो तेव्हा हयात नव्हते.

फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्याबरोबर त्यांनी सैन्याचे मृत्यूही मोजले. हिंदुस्थानातील गोऱ्या फौजेची तपासणी करणाऱ्या शाही आयोगाचे ते सदस्य होते. हे शिपाई वर्षाला हजारी ६९ या दराने मरत होते, आणि बहुतेक आजारानेच.

कार्यालयाचे प्रमुखपद रिकामे झाले, तेव्हा ते आपल्याला मिळेल अशी फार यांची अपेक्षा होती. ते एका सरदारपुत्राला मिळाले. १८८० मध्ये फार यांनी राजीनामा दिला. १८८३ च्या एप्रिलमध्ये, वयाच्या ७५ व्या वर्षी, ते लंडनमध्ये वारले.