डागामागचा रोग शोधणारे डॉ. खानोलकर

वऱ्हाडात अंगावर फिकट डाग उमटला की घरची माणसे आधी धास्तावतात आणि मग तो लपवितात. डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनी १९४६ साली अमरावतीला तपोवन उभारले, ते याच भयापोटी घराबाहेर काढल्या गेलेल्या कुष्ठरोग्यांसाठी. मात्र प्रत्येक डाग कुष्ठाचा नसतो. क्वचित तो त्वचेच्या लिम्फोमाचा, म्हणजे शरीराच्या संरक्षक पेशींना होणाऱ्या कर्करोगाचाही असतो. अशा वेळी नजरेवर न विसंबता कातडीचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा लागतो. ही शिस्त भारतात रुजविणाऱ्यांमध्ये डॉ. वसंत रामजी खानोलकर अग्रणी होते.

खानोलकरांचा जन्म १३ एप्रिल १८९५ रोजी झाला. लंडन विद्यापीठातून त्यांनी १९२३ साली विकृतिशास्त्रात एम.डी. ही पदवी मिळविली. मायदेशी परतल्यावर मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात आणि नंतर सेठ गो. सुं. वैद्यकीय महाविद्यालयात त्यांनी अध्यापन केले. १९४१ साली टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाले, तेव्हा तेथील प्रयोगशाळांची धुरा त्यांच्याकडे आली.

रोगाचे मूळ माणसाच्या राहणीतही शोधावे, हा त्यांच्या संशोधनाचा विशेष होता. कमरेला वर्षानुवर्षे घट्ट कसलेल्या धोतराखालची कातडी घासली जाते, तिचा रंग उडतो, व्रण पडतात आणि काहींना त्याच जागी कर्करोग होतो. खानोलकर आणि त्यांच्या सहकारी सूर्याबाई यांनी १९४५ साली या रोगाचे वर्णन प्रसिद्ध केले. खैनी ओठाआड धरणाऱ्यांना आणि चुट्ट्याचे जळते टोक तोंडात ठेवून ओढणाऱ्यांना होणाऱ्या कर्करोगांची नोंदही त्यांनी केली. अकोल्याच्या कापूस बाजारात धोतर नेसून येणाऱ्या शेतकऱ्याच्या अंगवळणी पडलेली गोष्टही अशा रीतीने वैद्यकाच्या कक्षेत आली.

१९५२ साली परळला भारतीय कर्करोग संशोधन केंद्र स्थापन झाले आणि खानोलकर त्याचे पहिले संचालक झाले. कर्करोगाबरोबरच कुष्ठरोगाचा अभ्यासही त्यांनी तेथे चालू ठेवला. कुष्ठाचे जंतू त्वचेतील सूक्ष्म मज्जातंतूंत कसे शिरतात, याचा त्यांनी बारकाईने मागोवा घेतला. याच केंद्रात १९५८ साली कुष्ठरुग्णांच्या ऊतींपासून एक जंतू वाढविण्यात आला. पुढे त्यापासून कुष्ठाविरुद्ध प्रतिकारशक्ती वाढविणारी लस तयार झाली आणि तिच्या चाचण्याही झाल्या. कमल रणदिवे यांच्यासारख्या संशोधक त्यांच्याच मार्गदर्शनाखाली घडल्या.

खानोलकर आंतरराष्ट्रीय कर्करोगविरोधी संघाचे अध्यक्षही होते. १९६० ते १९६३ अशी तीन वर्षे त्यांनी मुंबई विद्यापीठाचे कुलगुरुपद सांभाळले. पद्मभूषण हा किताबही त्यांना मिळाला. २९ ऑक्टोबर १९७८ रोजी त्यांचे निधन झाले.

त्यांच्या निधनाच्या दोनच वर्षे आधी, १९७६ साली, त्वचेच्या लिम्फोमावर प्रकाशोपचाराचे यश अमेरिकेतील डॉक्टरांनी प्रसिद्ध केले होते. त्यात रुग्णाला सोरॅलेन हे औषध देऊन विशिष्ट अतिनील किरणांखाली उभे करतात. औषधाने संवेदनशील झालेल्या रोगट पेशी या किरणांनी मरतात. सोरॅलेन हा पदार्थ आपल्याकडे कोडावर वापरल्या जाणाऱ्या बावचीच्या बियांतही असतो. पुढे या उपचाराला प्रतिकारशक्तीला चालना देणाऱ्या इंटरफेरॉनची जोड मिळाली. या जोडउपचाराने अनेकांचे डाग ओसरतात. रोग समूळ जातोच असे नाही, पण तो आटोक्यात ठेवता येतो.

मात्र आधी निदान बिनचूक व्हावे लागते. कुष्ठाच्या डागावर बहुधा स्पर्श कळत नाही, लिम्फोमाच्या डागावर तो सहसा कळतो. तरीही दोन्ही डाग दिसायला इतके सारखे असू शकतात की लिम्फोमाचा रुग्ण कुष्ठाची औषधे घेत राहतो आणि मोलाचा काळ निघून जातो. अमरावती-अकोल्याच्या एखाद्या रुग्णाच्या कातडीचा तुकडा आज प्रयोगशाळेत तपासला जातो, तेव्हा खानोलकरांनी घालून दिलेली शिस्तच त्याच्या उपचाराची दिशा ठरवीत असते.